मंडळीने सोडलेले चर्च

जुनी प्रार्थनास्थळे लोकांच्या श्रद्धेमुळे टिकतात, असे आपण सहज म्हणून जातो. जिथे माणसांची ये-जा राहिली ती वास्तू जगली आणि जिथे थांबली ती ढासळली, असा त्यामागचा हिशेब. उत्तर युरोपातल्या खेड्यांमधली लूथरन चर्च पाहिली तर हा हिशेब बऱ्याच ठिकाणी उलटा पडतो. मध्य फिनलंडमधल्या पेतायावेसी गावचे जुने चर्च आज युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. युवास्क्युला शहरापासून ते पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर येते. १७६३ ते १७६५ या काळात गावकऱ्यांनी ते ओंडक्यांचे उभारले, १८७९ पर्यंत वापरले आणि मग पाण्यापलीकडे नवे चर्च बांधून तिकडे निघून गेले. वापर जेमतेम ११४ वर्षांचा, आणि सोडून दिल्याला त्याहून अधिक काळ लोटला. माझे म्हणणे असे आहे की हे चर्च मंडळी त्यातून वेळेवर निघून गेली म्हणूनच आपल्यापर्यंत पोहोचले. मात्र ती पुरती निघून गेली नाही, हेही तितकेच महत्त्वाचे.

आधी हे चर्च बांधायची गरज का पडली ते पाहायला हवे. अठराव्या शतकात फिनलंड स्वीडनच्या राज्यात होता, आणि तिथे मार्टिन लूथरचा पंथ हा राजधर्म होता. महाराष्ट्रात ख्रिस्ती मंडळी म्हटले की अमेरिकन मराठी मिशन, अँग्लिकन किंवा कॅथलिक आठवतात. लूथरन पंथ भारतात १७०६ साली तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीतून आला आणि मराठी मुलखाशी त्याचा संबंध थोडाच. त्यामुळे लूथरन खेड्यात चर्च म्हणजे नेमके काय होते हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. तिथे पाळक हा धर्मगुरू होताच, पण सरकारचा गावातला माणूसही तोच. जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी त्याच्या वहीत. राजाचे हुकूम उपदेशपीठावरून वाचून दाखवले जात, म्हणजे कायदा कळायचा तर रविवारी चर्चमध्ये हजर असणे भाग. १६८६ च्या स्वीडिश चर्च कायद्याने प्रत्येकाला धर्मशिक्षणाची मूलतत्त्वे यायलाच हवीत असे ठरवले. पाळक गावोगाव जाऊन लोकांची वाचनाची परीक्षा घेई, आणि जो त्यात उतरत नसे त्याला प्रभुभोजन मिळत नसे, लग्नही अडत असे. उपासनेत गोंधळ घालणाऱ्याचे पाय अडकवायला अनेक चर्चच्या दाराशी लाकडी खोडा ठेवलेला असे. गरिबांना मदत, गावच्या कामांचे निर्णय हे सारे मंडळीच्या सभेतच होई. फिनलंडच्या ग्रामीण भागात नागरी पंचायत चर्चपासून कायद्याने वेगळी झाली ती थेट १८६५ साली.

ज्या जागेत जन्मनोंदीपासून राजाज्ञेपर्यंत सारे घडते ती जागा दोन दिवसांच्या वाटेवर असून चालत नाही. मध्य फिनलंड म्हणजे जंगल आणि तळी. वस्ती विरळ, रस्ते नावापुरते. म्हणून चर्चची जागा गावाच्या मध्यावर नव्हे तर पाण्याच्या वाटांच्या मध्यावर निवडली जाई. पेतायावेसीचे चर्च दोन तळ्यांमधल्या भूशिरावर आहे. उन्हाळ्यात लोक होड्यांनी येत. वाडीच्या वाडी एकाच लांब होडीत बसून वल्ही मारत येण्याची फिनलंडमध्ये रीतच होती. हिवाळ्यात तेच पाणी गोठून घसरगाड्यांचा रस्ता बने. पंचाईत व्हायची ती शरदात आणि वसंतात, जेव्हा बर्फ होडी चालू देत नाही आणि माणसाचा भारही पेलत नाही.

बांधणारा होता याक्को क्लेमेतिनपोइका लेप्पानेन, याच मुलखातला शेतकरी-सुतार. त्याच्यापुढचा प्रश्न ओंडक्यांनी बांधणाऱ्या प्रत्येकासमोर असतो तोच होता. आडव्या ओंडक्यांवर ओंडके रचून उभी केलेली भिंत झाडाच्या लांबीइतकीच लांब जाऊ शकते, आणि फार लांब गेली तर मधोमध फुगते. तिला ताठ ठेवतात ते कोपरे, कारण तिथे दोन भिंतींचे ओंडके खाचा पाडून एकमेकांत बसवलेले असतात. साध्या चौकोनी इमारतीला चार कोपरे मिळतात. क्रुसाच्या आकाराच्या इमारतीला बारा. त्यामुळे समान भुजांचा क्रूस हा आकार लेप्पानेनला धर्माच्या दृष्टीनेही सोयीचा होता आणि लाकडाच्या दृष्टीनेही. हा आराखडा मूळचा खेड्यातला नव्हे. तो रेनेसाँस काळातल्या दगडी चर्चमधून आला होता, आणि स्टॉकहोमचे सतराव्या शतकातले काटरीना चर्च हे स्वीडनच्या राज्यातले त्याचे ठळक उदाहरण. लेप्पानेनने चार भुजांवर लाकडी कमानी छत घातले आणि मधोमध, जिथे भुजा भेटतात तिथे, अष्टकोनी घुमट चढवला. दगडात जे वजनाने तोलले जाते ते इथे तासलेल्या फळ्यांनी नुसते दाखवले आहे. वर उंच लाकडी फळ्यांचे उतरते छप्पर. आत भिंतींना रंग नाही, लाकूड उघडे. छताच्या कडांना तांबड्या मातीच्या रंगाची साधी नक्षी, तेवढीच सजावट. उपदेशपीठ मात्र मुद्दाम पाहण्यासारखे आहे. ते संत ख्रिस्तोफरच्या कोरीव आकृतीने खांद्यावर तोलून धरले आहे. संतांची भक्ती ज्या पंथाने मोडीत काढली त्याच पंथाच्या उपदेशपीठाखाली, येशूला पाठीवर घेऊन नदी पार करणारा संत उभा आहे. खेड्यातल्या कारागिराने पंथाच्या पोथीपेक्षा आपल्या कानावर आलेली गोष्ट जास्त प्रमाण मानली, असाच त्याचा अर्थ मी लावतो. लेप्पानेनच्या नातवाने, एर्क्कीने, १८२१ साली पश्चिमेच्या भुजेला जोडून घंटेचा मनोरा बांधला. हा मनोरा पुढे आपल्या युक्तिवादात महत्त्वाचा ठरणार आहे.

एकोणिसाव्या शतकात या सगळ्या मुलखात एकच गोष्ट झाली: माणसे वाढली. बटाटा आला, देवीची लस आली, मुले जगू लागली. शंभर वर्षांपूर्वी पुरेशी असलेली चर्च आता तोकडी पडू लागली. हा केवळ गैरसोयीचा मामला नव्हता. उपासनेला सर्वांनी यावे अशी जिथे अपेक्षा आहे तिथे सर्वांना बसायला जागा देणेही ओघाने आलेच. शेजारच्या नॉर्वेने तर १८५१ साली कायदाच केला की चर्चमध्ये त्या चर्चच्या हद्दीतल्या लोकसंख्येपैकी किमान तीन-दशांश माणसे मावली पाहिजेत. या एका अपूर्णांकाने मध्ययुगातल्या लाकडी चर्चचा जितका फडशा पाडला तितका आगींनीही पाडला नसेल. उभ्या खांबांवर पेललेली ही 'स्टाव्ह' चर्च बाराव्या-तेराव्या शतकातली, म्हणजे नॉर्वे लूथरन होण्याच्या कितीतरी आधीची. एके काळी ती हजाराच्या वर होती असा अंदाज आहे. आज उरली २८. मंडळ्यांनी ती पाडली, लाकूड लिलावात विकले आणि त्याच जागी किंवा शेजारी मोठी, उजेडाची, पांढरी चर्च बांधली. त्यांना दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. आपण त्या इमारतीकडे बाराव्या शतकातली कला म्हणून पाहतो. त्यांना ती पावसात गळणारी, अंधारी आणि अर्ध्या गावाला दाराबाहेर उभी करणारी खोली होती.

मंडळी ही आपल्या इमारतीची पहिली शत्रू असते ती अशी. पाडत नसेल तेव्हाही ती बदलत असते, आणि बदलण्यामागे श्रद्धाच असते. लूथरन उपासनेत प्रवचन मध्यवर्ती. प्रवचन तासभर चालणार, तर बाके हवीत. गीते छापील पुस्तकातून म्हणायची, तर उजेड हवा आणि उजेडासाठी भिंतीत नव्या खिडक्या. माणसे वाढली की सज्जे. आपल्याकडे गावच्या देवळाचा जीर्णोद्धार होतो, काळ्या दगडावर ऑइलपेंट चढतो आणि गाभाऱ्यात टाइल्स लागतात, तेही भाविकांच्या वर्गणीतूनच. नॉर्वेतल्या ज्या स्टाव्ह चर्चमध्ये मंडळी टिकून राहिली त्यांपैकी बहुतेकांच्या भिंती पुढे सरकवल्या गेल्या, छताखाली छत घातले गेले, बाहेरून फळ्या ठोकल्या गेल्या. बोर्गुंडचे चर्च, ज्याचे लाकूड ११८०-८१ च्या हिवाळ्यात तोडलेले असल्याचे झाडाच्या वलयांवरून कळते, ते तुलनेने मूळ रूपात राहिले. १८६८ मध्ये मंडळीने शेजारीच नवे चर्च बांधले आणि १८७७ मध्ये जुने चर्च नॉर्वेच्या प्राचीन वास्तू जतन करणाऱ्या संस्थेच्या ताब्यात गेले.

पेतायावेसीतही १८७९ साली नवे चर्च झाले आणि जुन्यातली नियमित उपासना थांबली. थांबली नेमक्या त्या वेळी, जेव्हा खेड्यापाड्यांतल्या चर्चमध्ये शेगड्या बसवणे, भिंतींना फळ्या मारून पांढरा रंग देणे, आतला आराखडा बदलणे ही कामे जोरात होती. हे चर्च त्या लाटेच्या वाटेतून बाजूला झाले. याच भागातल्या केउरू गावचे १७५८ चे क्रुसाकृती लाकडी चर्चही १८९२ मध्ये नवे चर्च होताच असेच मोकळे झाले आणि राहिले. त्याही आधीचे उदाहरण लॅपलंडमधल्या सोदानक्युलाचे: १६८९ चे छोटेसे चर्च, १८५९ मध्ये शेजारी दगडी चर्च झाल्यावर रिकामे पडले, आणि आज ते फिनलंडच्या सर्वांत जुन्या लाकडी चर्चपैकी एक आहे. तीन गावे, तीन वेगळ्या तारखा, पण घटनाक्रम एकच.

यावर पहिला आणि सर्वांत सबळ आक्षेप असा की आपण फक्त वाचलेलीच उदाहरणे मोजतो आहोत. सोडून दिलेली किती चर्च कुजून पडली, सरपणात गेली, त्यांचा हिशेब कोण देणार? आक्षेप खरा आहे. नुसते सोडून देणे पुरत नाही. लाकडी छपराकडे दोन-तीन दशके कोणी पाहिले नाही तर पाणी ओंडक्यांच्या सांध्यात शिरते आणि मग इमारत वरून नव्हे, कोपऱ्यांतून मरते. म्हणूनच पेतायावेसीतला दुसरा तपशील निर्णायक आहे. नवे चर्च झाले तरी दफनभूमी जुन्या चर्चभोवतीच राहिली आणि घंटेचा १८२१ चा मनोराही कामात राहिला. रविवारी प्रवचन ऐकायला लोक पाण्यापलीकडे जात, पण माणूस मेला की अलीकडे येत. मनोऱ्याची आणि कबरींची निगा राखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जुने चर्च रोजचे होते. त्याची फारशी डागडुजी झाली नाही, पण कोणी ते मोडूनही नेले नाही, कारण आजी-आजोबांच्या कबरींच्या मधोमध उभी असलेली इमारत लिलावात काढायला गावाला जड जाते. इमारतीवरचा मोठ्या कामाचा, म्हणजे नियमित उपासनेचा, ओढा गेला आणि लहान कामाचा, म्हणजे कबरींचा आणि घंटेचा, धागा राहिला, असा हा योग आहे. पूर्ण वापर तिला बदलतो, पूर्ण त्याग तिला कुजवतो. अर्धवट सुटलेली जागा मात्र तगून जाते. लहान काम पवित्रच असले पाहिजे असेही नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये नॉर्वेजियन स्थलांतरितांनी १८४३-४४ मध्ये मस्कीगो येथे ओंडक्यांचे चर्च बांधले. पुढे मंडळीने नवे चर्च बांधले तेव्हा जुने एका शेतकऱ्याकडे गेले आणि कोठार म्हणून वापरात राहिले. कोठाराला छप्पर लागतेच. १९०४ साली ते मिनेसोटात सेंट पॉलच्या लूथरन सेमिनरीच्या आवारात नेऊन उभे करण्यात आले, आणि आजही तिथे आहे.

दुसरा आक्षेप हेद्दालचा. नॉर्वेतले हे सर्वांत मोठे स्टाव्ह चर्च आजही चालू आहे, मंडळी तिथेच जमते. मग वापर आणि जतन यांचे वैर कुठे राहिले? पण हेद्दाल टिकले ते मुळात मोठे होते म्हणून, त्यामुळे गावाला दुसरे बांधण्याची घाई नव्हती; आणि त्याची किंमतही त्याने मोजली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे झालेल्या 'सुधारणे'ने आतले रूप इतके बदलले की १९५० च्या दशकात ती सुधारणाच उलटवण्याची मोहीम काढावी लागली. आकाराने मोठे असणे हाही तसा रामबाण नव्हे. फिनलंडच्या केरिमाकी गावाने १८४७ मध्ये जगातले सर्वांत मोठे लाकडी चर्च बांधले; बसायला तीन हजारांवर जागा, उभे राहून पाच हजार माणसे मावतील असे. आराखड्यातली मापे चुकून मोठी धरली गेली अशी एक आवडती दंतकथा लोक सांगतात, पण गावाने जाणूनबुजूनच निम्मी वस्ती मावेल इतके मोठे चर्च मागितले होते. ते हिवाळ्यात तापवता येत नाही, म्हणून १९५३ साली मंडळीने शेजारी लहान हिवाळी चर्च बांधले. म्हणजे इथेही मंडळी अर्धी निघून गेलीच, फक्त ऋतूंनुसार.

तिसरा आक्षेप तज्ज्ञांच्या बाजूचा आहे: ही चर्च वाचवली ती कलेच्या इतिहासकारांनी आणि राष्ट्रभावनेने भारलेल्या शहरी लोकांनी, खेड्याचा त्यात काय वाटा? वाटा कमी नाही. चित्रकार योहान क्रिस्तियान डाल याने लिलावात निघालेले वांग गावचे चर्च वाचवायचे ठरवले, प्रशियाच्या राजाने ते विकत घेतले आणि १८४० च्या दशकात ते चर्च सुटे करून थेट सायलेशियाच्या डोंगरात, आजच्या पोलंडमध्ये, पुन्हा उभे केले. पेतायावेसीचे मोल फिनलंडबाहेर पहिल्यांदा १९२० च्या दशकात ऑस्ट्रियन कला-इतिहासकार योझेफ स्त्रिगोव्स्की यांनी सांगितले. पण या तारखाच पाहा. १८७९ ते १९२० चे दशक म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे. त्या मधल्या काळात तज्ज्ञ कोणी नव्हते. होते ते कबरी आणि घंटा सांभाळणारे लोक. तज्ज्ञ जे वाचवतात ते कोणीतरी आधी उभे ठेवलेले असते. शिवाय तज्ज्ञांचा हातही निर्मळ नसतो. बोर्गुंडमध्ये जतन करणाऱ्यांनी चर्च 'मध्ययुगीन' दिसावे म्हणून बाके, सज्जा, नंतरच्या खिडक्या काढून टाकल्या. आज प्रवासी ज्या गूढ अंधाराने भारावतात तो अंधार एकोणिसाव्या शतकात पुन्हा आणलेला आहे, आणि त्यापायी तीनशे वर्षे तिथे बसून प्रवचन ऐकणाऱ्या शेतकऱ्यांच्या खुणा पुसल्या गेल्या. पेतायावेसी या बाबतीत सुदैवी. ते जन्मापासूनच लूथरन असल्यामुळे त्याला मागे नेण्यासारखे जुने 'शुद्ध' रूप नव्हते, आणि विसाव्या शतकातली दुरुस्ती जुन्याच पद्धतीने, जुन्याच साहित्याने झाली. १९९४ साली युनेस्कोने ते यादीत घेतले.

लाकूड कोणाचेच कायमचे ऐकत नाही, हेही नोंदवायला हवे. नॉर्वेचे फांटोफ्टचे स्टाव्ह चर्च १८८३ साली पाडण्यातून वाचवून बर्गनजवळ आणले गेले आणि १९९२ मध्ये कोणीतरी ते पेटवून दिले. आज दिसते ती प्रतिकृती. फिनलंडमध्ये युलिव्हिएस्काचे १७८६ चे चर्च, जिथे मंडळी नियमित जमत होती, २०१६ च्या ईस्टरला लावलेल्या आगीत गेले. आगीपुढे वापरातले आणि रिकामे असा भेद चालत नाही, आणि माझा युक्तिवाद आगीबद्दल नाहीच. तो संथपणे होणाऱ्या नाशाबद्दल आणि संथपणे होणाऱ्या बदलाबद्दल आहे.

आता मात्र या युक्तिवादाची परीक्षा नव्या परिस्थितीत होते आहे. १९५० च्या सुमारास फिनलंडमधली पंचाण्णव टक्के माणसे लूथरन चर्चची सभासद होती. आज ते प्रमाण दोन-तृतीयांशांच्या खाली आले आहे, आणि खेडी त्याहून वेगाने रिकामी होत आहेत. चर्चच्या इमारतींचा खर्च बराचसा सभासदांच्या उत्पन्नावरच्या चर्च-करातून निघतो, त्यामुळे सभासद कमी झाला की थेट छपराच्या फळ्यांपर्यंत झळ पोहोचते. १८७९ मध्ये पेतायावेसीची मंडळी जुने चर्च सोडून गेली ती वाढली म्हणून, आणि तिच्याकडे मनोरा व कबरी सांभाळायला माणसे होती. आज ज्या खेड्यांतून ती निघून चालली आहे ती घटल्यामुळे, आणि पाण्यापलीकडे दुसरे चर्चही बांधले जात नाही. पेतायावेसीला याची झळ कमी लागेल, कारण जुन्या चर्चमध्ये उन्हाळ्यात उपासना होते, लग्ने लागतात, प्रवासी येतात. त्याला लहान काम मिळाले आहे. प्रश्न आहे तो एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या, कुठल्याही यादीत नसलेल्या, तीन-चारशे माणसांच्या त्या मोठ्या चर्चचा, ज्यांत आता रविवारी वीसेक डोकी असतात आणि जी सबंध हिवाळाभर तापवावी लागतात.